हेलिओदोरोस : एका नावाची व्युत्पत्ती आणि विभक्ती

मध्य प्रदेशात विदिशा शहराला लागून बेसनगर हे प्राचीन स्थळ आहे. तेथे एक दगडी स्तंभ शतकानुशतके उभा आहे. परिसरातील लोक त्याला 'खांब बाबा' म्हणून पूजीत आणि त्यावर शेंदराचे लेप चढवीत. १८७७ साली पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी तो पाहिला, तेव्हा हा लेप इतका जाड झाला होता की त्याखाली अक्षरे असतील असे कळण्यास मार्गच नव्हता. १९०९ साली शेंदूर दूर झाला आणि ब्राह्मी लिपीतील, प्राकृत भाषेतील एक लेख प्रकाशात आला. देवाधिदेव वासुदेवाचा हा गरुडध्वज एका यवन राजदूताने उभारला, असे तो लेख सांगतो. हा दूत तक्षशिलेचा रहिवासी, स्वतःला 'भागवत' म्हणविणारा आणि महाराज अंतलिकिताकडून राजा भागभद्राकडे आलेला. काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरचा. दूताचे नाव हेलिओदोरोस.

मराठी पुस्तकांत हे नाव बहुधा 'हेलिओडोरस' असे छापले जाते. ते लॅटिन आणि इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आलेले रूप होय. मूळ ग्रीक उच्चार 'हेलिओदोरोस' याच्या जवळचा आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी या स्तंभावर पुष्कळ लिहिले आहे. तथापि लेखातील या एका नावाकडे स्वतंत्रपणे पाहिले, तर त्यातून दोन भाषांचे जुने नाते आणि मनुष्यस्वभावाचा एक सनातन विशेष, दोन्ही उलगडतात.

हे नाव सामासिक आहे. पहिले पद 'हेलिओस' म्हणजे सूर्य. दुसरे पद 'दोरोन' म्हणजे देणगी, दान. दोहोंच्या मध्ये असलेला 'ओ' हा पदे सांधणारा स्वर. संपूर्ण नावाचा अर्थ 'सूर्याची देणगी'. आपल्याकडे सूर्यदत्त किंवा रविदत्त ही नावे ज्या भावनेने ठेवली जातात, त्याच भावनेने ग्रीक मातापित्यांनी हे नाव घडविले.

साम्य केवळ भावनेचे नाही, धातूंचेही आहे. ग्रीक 'दोरोन' ज्या धातूपासून बनला, त्याच प्राचीन धातूची संस्कृतातील शाखा म्हणजे 'दा'. संस्कृतात 'ददामि' म्हणजे 'मी देतो', ग्रीकमध्ये त्याच अर्थी 'दिदोमि'. मराठीतील दान, दाता, दत्तक हे शब्द त्याच घराण्यातले. 'हेलिओस' आणि 'सूर्य' यांचेही मूळ एकच आहे, मात्र ते चटकन ओळखू येत नाही. कारण ग्रीकमध्ये शब्दारंभीचा 'स' पुष्कळ ठिकाणी 'ह' झाला. आपण ज्याला 'सप्त' म्हणतो त्याला ग्रीक 'हेप्ता' म्हणतात. असाच बदल स्वतंत्रपणे इराणी भाषांतही घडला. फारसीत सात म्हणजे 'हफ्त' आणि सात दिवसांचा आठवडा म्हणजे 'हफ्ता'. तोच शब्द मराठीत 'हप्ता' होऊन कर्जाच्या परतफेडीला चिकटला. दर महिन्याला हप्ता भरणाऱ्या माणसाच्या तोंडी नकळत 'सप्त' हा शब्द येत असतो. भाषेतील नाती अशी दूरच्या आप्तांसारखी असतात. चेहरा ओळखू येत नाही, आडनाव सांगितले की उलगडा होतो.

येथे एक सावधगिरीही आवश्यक आहे. ग्रीकमध्ये देवाला 'थेओस' म्हणतात. 'थेओस' आणि 'देव' यांच्या ध्वनिसाम्यामुळे ते एकाच मुळाचे असावेत असे अनेकांना वाटते. तसे ते नाहीत. 'देव' या शब्दाचे ग्रीक नातेवाईक म्हणजे 'झेउस' हे देवनाम. त्याची षष्ठी 'दिओस' होते आणि तिच्यात संस्कृत 'दिव्' स्पष्ट ऐकू येतो. हेलिओदोरोसच्या पित्याचे नाव दिओन होते. तेही याच मुळातून आलेले. म्हणजे पित्याच्या नावात आकाश आणि पुत्राच्या नावात सूर्य, असा हा योग आहे.

ग्रीक समाजात 'दोरोस' लावून केलेली नावे विपुल होती. झेउसची देणगी तो दिओदोरोस, अपोलोची देणगी तो अपोलोदोरोस, आर्तेमिस देवीची देणगी तो आर्तेमिदोरोस, इजिप्तमधील इसिस देवीची देणगी तो इसिदोरोस. 'देवाची देणगी' या अर्थाचे थेओदोरोस हे नाव तर पुढे ख्रिस्ती जगात सर्वत्र पसरले. इंग्रजीत ते थिओडोर झाले, रशियनमध्ये फ्योदोर. थोर कादंबरीकार दोस्तोयेव्हस्की यांचे पहिले नाव तेच. स्त्रियांसाठी थेओदोरा, इसिदोरा अशी रूपे झाली.

यांना समांतर असा दुसरा गट 'दोतोस'चा. 'दोतोस' म्हणजे दिलेला, दत्त. इतिहासकार हेरोदोतोस म्हणजे हेरा देवीने दिलेला. बॅक्ट्रियात स्वतंत्र ग्रीक राज्य स्थापणारा दिओदोतोस तर धातूंनी पाहिले असता आपल्या 'देवदत्ता'च्या अगदी शेजारी बसतो. संस्कृत व्याकरणाचे ग्रंथ आणि त्यांवरील टीका चाळणाऱ्यांना देवदत्त अपरिचित नाही. उदाहरण द्यायचे झाले की वैयाकरणांना हटकून तोच आठवतो. आणि योगायोग असा की, १९१३ ते १९१५ या काळात बेसनगर येथे उत्खनन करून या स्तंभाच्या परिसराचा अभ्यास करणाऱ्या महाराष्ट्रीय विद्वानाचे नावही देवदत्तच होते. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे पुत्र देवदत्त रामकृष्ण भांडारकर. देवाने दिलेल्या एका पुत्राने सूर्याने दिलेल्या दुसऱ्या पुत्राच्या स्तंभाभोवतीची माती बाजूला सारली.

आता नावाच्या व्याकरणाकडे वळू. इंग्रजीत माणसाचे नाव वाक्यात कोठेही आले तरी बहुतेक जसेच्या तसे राहते. ग्रीकमध्ये तसे नाही. तेथे विशेषनामही विभक्तीप्रमाणे चालते. 'हेलिओदोरोस आला' या वाक्यात प्रथमा, म्हणून अंती 'ओस'. 'हेलिओदोरोसला पाहिले' म्हणताना द्वितीया, रूप 'हेलिओदोरोन'. 'हेलिओदोरोसचे घर' म्हणताना षष्ठी, रूप 'हेलिओदोरू'. 'हेलिओदोरोसला दिले' म्हणताना चतुर्थी, रूप 'हेलिओदोरोइ'. आणि हाक मारताना 'हेलिओदोरे!'

शाळेत 'देवः, देवम्, देवाय, देवस्य' असे पाठ केलेल्या वाचकाला या रूपांत ओळखीचे काही जाणवेल. संस्कृतातील विसर्ग मुळात 'स'च होता. म्हणजे 'देवस्' आणि 'हेलिओदोरोस' यांचा शेवट एकाच साच्यातला. द्वितीयेत संस्कृताचा 'म्', तर ग्रीकचा 'न'. षष्ठीतील ग्रीक 'ऊ' आणि संस्कृत 'अस्य' यांत वरवर काहीच साम्य दिसत नाही. पण होमरच्या काव्यातील जुन्या ग्रीकमध्ये हाच प्रत्यय 'ओयो' असा आढळतो. मधला 'स' गळून पडण्यापूर्वीचे त्याचे रूप 'ओस्यो', म्हणजेच 'अस्य'चा सख्खा भाऊ. मराठीने यातील बरेच प्रत्यय टाकून दिले आणि सामान्यरूपाची सोय केली. तरी रामाने, रामाला, रामाचा आणि हाक मारताना 'रामा!' म्हणताना आपणही नावाचे शेपूट बदलतोच.

मूळ नाव, म्हणजे प्रातिपदिक, स्थिर राहते. इतरांशी असलेल्या नात्याप्रमाणे त्याचा शेवट मात्र बदलतो. कोणाला दिले, कोणाचे आहे, कोणी केले, कोणाला हाक मारली, हे सारे नावाच्या अखेरच्या अक्षरावरून कळते.

वडिलांचे नाव सांगण्याची ग्रीक रीतही आपल्याला परकी वाटणार नाही. मुलाच्या नावापुढे पित्याचे नाव षष्ठीत ठेवीत. 'पुत्र' हा शब्द उच्चारण्याची गरज नसे, षष्ठीतच तो गृहीत असे. 'हेलिओदोरोस दिओनोस' म्हटले की 'दिओनचा हेलिओदोरोस' असा बोध होई. नाव, त्यामागून वडिलांचे नाव, ही महाराष्ट्रात रूढ असलेली रीत याच जातीची. आजच्या ग्रीसमध्येही षष्ठीची ही परंपरा एका वेगळ्या रूपात टिकून आहे. पुरुषाचे आडनाव पापादोपुलोस असेल तर त्याच्या कन्येचे आडनाव पापादोपुलू असे लिहितात. 'पापादोपुलोसची' असा त्याचा व्याकरणिक अर्थ. कागदपत्रे तपासणाऱ्या एखाद्या परदेशी अधिकाऱ्याला पिता आणि कन्या यांची आडनावे वेगळी वाटली, तर दोष नावांचा नाही, व्याकरणाच्या अपरिचयाचा आहे.

ग्रीक नावाची विभक्ती प्रत्यक्ष शिळेवर पाहावयाची झाल्यास एक उत्तम उदाहरण उपलब्ध आहे. प्राचीन सिरियावर राज्य करणाऱ्या सेल्युकस घराण्यातील चौथ्या सेल्युकस राजाने इसवी सनापूर्वी १७८ साली आपल्या एका मंत्र्याला धाडलेला आदेश दगडावर कोरलेला सापडला. २००७ साली अभ्यासकांनी तो प्रसिद्ध केला. त्या मंत्र्याचे नावही हेलिओदोरोसच. पत्राच्या आरंभी राजा त्याला 'बंधू' असे गौरवाने संबोधून अभिवादन कळवितो. अभिवादन ज्याला पोहोचवायचे त्याचे नाव चतुर्थीत यावे हा नियम. म्हणून शिळेवर 'हेलिओदोरोइ' असे रूप कोरलेले आहे. त्या आदेशाचा विषय आहे एका अधिकाऱ्याची नेमणूक. प्रदेशातील देवालयांवर देखरेख ठेवण्यासाठी नेमलेल्या त्या अधिकाऱ्याचे नाव ओलिंपिओदोरोस. पुन्हा एक 'देणगी'!

विदिशेच्या स्तंभावर हेच नाव 'हेलिओदोरेण' असे आले आहे. ही तृतीया विभक्ती. शास्त्रीय ग्रीक भाषेत तृतीया उरलेलीच नव्हती. तिचे काम चतुर्थीच्या रूपाकडे गेले होते. प्राकृतात मात्र तृतीया जिवंत होती. त्यामुळे या ग्रीक नावाला भारतात आल्यावर अशी एक विभक्ती लाभली, जी त्याच्या स्वतःच्या भाषेने गमावली होती. 'हेलिओदोराने हा ध्वज करविला' ही रचना आपल्या कर्मणी प्रयोगाची आहे. 'रामाने आंबा खाल्ला' म्हणताना आपण आजही तोच साचा वापरतो. प्राकृत लेखकाने ग्रीक 'ओस' काढून टाकला, उरलेल्या नावाला स्वतःचा प्रत्यय लावला आणि परक्या माणसाला सहजपणे आपल्या वाक्याचा कर्ता केले. पित्याचे नाव 'दियस' असे षष्ठीत आले, आणि 'पुत्रेण' हा शब्दही भारतीय रीतीप्रमाणे सोबत आला. महाराज अंतिआल्किदस हा 'अंतलिकित' झाला.

येथे कोणी विचारील की, अर्थ ठाऊक असता तर 'सूर्यदत्त' असे भाषांतर का केले नाही? याचे उत्तर त्याच काळातील नाण्यांवर मिळते. हिंदी-ग्रीक राजांची अनेक नाणी द्विभाषिक आहेत. एका बाजूस ग्रीक, दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीतील प्राकृत. अंतिआल्किदसाच्या नाण्यांवर ग्रीकमध्ये 'निकेफोरोस', म्हणजे 'विजय धारण करणारा', हे बिरुद आहे. प्राकृत बाजूस त्याचे 'जयधर' असे चोख भाषांतर केलेले आहे. राजाचे नाव मात्र भाषांतरित केलेले नाही, केवळ उच्चाराने उतरविले आहे. बिरुद हे गुणाचे वर्णन असते, त्याचा अर्थ प्रजेला कळला पाहिजे. नाव ही व्यक्तीची खूण असते, ती बदलली तर व्यक्तीच हरवते. व्यवहारात नाव आणि स्वाक्षरी यांना जे महत्त्व आहे ते या कारणाने. नाण्यांवर राजाचे नाव दोन्ही भाषांत षष्ठीत असते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. नाणे 'अमुक राजाचे' आहे, ही हमी त्या एका प्रत्ययात सामावलेली असते.

क्वचित उच्चार उतरविता उतरविता अर्थही हाती लागे. अपोलोदोतोस या हिंदी-ग्रीक राजाचे नाव खरोष्ठीत 'अपलदतस' असे कोरलेले आढळते. 'दोतोस'चे 'दत' झाले. खरोष्ठीत जोडाक्षरातील द्वित्व लिहीत नसल्याने हा 'दत' म्हणजे आपला 'दत्त'च वाचला जातो. हजारो वर्षांपूर्वी दुरावलेली दोन भावंडे एका नाण्याच्या दोन बाजूंवर पुन्हा भेटली. या राजाची जुनी नाणी त्याच्यानंतर दीर्घकाळ भडोच बंदरात चालत असल्याचा उल्लेख 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात आहे.

महाराष्ट्रात या कथेचा पुढचा अध्याय वाचावयास मिळतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत एका लेण्याच्या दात्याने स्वतःला 'योनक', म्हणजे यवन, म्हटले आहे. उत्तरेकडील दत्तामिती या गावचा तो रहिवासी. त्याचे नाव इंद्राग्निदत्त, पित्याचे धर्मदेव आणि पुत्राचे धर्मरक्षित. विदिशेच्या दूताने ग्रीक नाव कायम राखून भारतीय देवतेचा ध्वज उभारला. नाशिकच्या यवनाच्या घरी तिन्ही पिढ्यांची नावेच भारतीय झाली होती. तरीही नावाची घडण तीच राहिली : देवतेने दिलेला.

त्याच लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई, शक कुळातील उषवदात, याचेही लेख आहेत. त्याचे नाव विद्वान 'ऋषभदत्त' असे समजतात. त्याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापणांची अक्षयनिधी ठेव कोष्ट्यांच्या श्रेणींकडे सोपविली. दोन हजारांवर दरमहा एक टक्का आणि एक हजारावर दरमहा पाऊण टक्का व्याज ठरले. मुद्दल परत मागायचे नाही, केवळ व्याजाचा विनियोग करायचा, अशी अट आहे. 'दत्त' नाव धारण करणाऱ्याने दिलेले हे दान दगडावर हिशेबासह टिकून राहिले.

दुसऱ्या हेलिओदोरोसची, म्हणजे सेल्युकस राजाच्या मंत्र्याची, कथा अगदी निराळी आहे. यहुदी इतिहास सांगणाऱ्या मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथानुसार, राजाने त्याला जेरुसलेमच्या मंदिरातील धन जप्त करण्यासाठी पाठविले. त्या कोषात विधवांच्या आणि अनाथ बालकांच्या ठेवी आहेत, असे प्रमुख पुरोहिताने त्याला सांगितले. तो थांबला नाही. तेव्हा एका दिव्य अश्वारूढाने आणि दोन तरुणांनी त्याला खाली पाडले व फटकारले, आणि ज्याच्या मंदिराची लूट तो करणार होता त्या पुरोहिताच्याच प्रार्थनेने त्याचे प्राण वाचले, असे त्या ग्रंथात वर्णन आहे. चित्रकार राफाएल याने १५११–१२ मध्ये हा प्रसंग व्हॅटिकनच्या भिंतीवर रंगविला. पुढे इसवी सनापूर्वी १७५ साली चौथ्या सेल्युकसाची हत्या झाली. ज्याने त्याला 'बंधू' म्हटले, त्याच राजाचा घात या मंत्र्याने केला, असे इतिहासकार अप्पियन सांगतो.

दोन माणसे, नाव एकच, अर्थ एकच, रूपे चालविण्याचे नियमही तेच. एक देवालयातील ठेवी उचलावयास गेला. दुसऱ्याने परक्या भूमीत, परक्या देवतेसमोर स्तंभ उभारला आणि त्याच्या लेखात दम, त्याग व अप्रमाद हे तीन शब्द अमृतपदे म्हणून कोरविले. इंद्रियांचे नियमन, देण्याची वृत्ती आणि सावधपणा. यांतील दुसरा शब्द लेखात 'चाग' असा आहे. 'त्याग' या संस्कृत शब्दाचे ते प्राकृत रूप. जन्मतः जो स्वतः 'देणगी' म्हणून ओळखला गेला, त्याच्या लेखात देण्याचा हा शब्द यावा, यात एक औचित्य आहे.

बालकाच्या बारशाच्या दिवशी घरातील वडीलधारी मंडळी नाव शोधतात, तेव्हा अर्थाचा पुष्कळ खल होतो. तो व्हावाच, कारण नावात देणाऱ्याची कृतज्ञता असते. अपत्य ही आपली मालमत्ता नसून आपल्याकडे आलेली देणगी आहे, ही जाणीव ग्रीकांच्या 'दोरोस'मध्ये आहे आणि आपल्या 'दत्ता'तही आहे. परंतु आईवडील देतात ते केवळ प्रातिपदिक. त्यापुढील प्रत्यय त्या मुलाच्या आयुष्यातील कृतींनी लागतात. सिरियाच्या शिळेवर हेलिओदोरोस चतुर्थीत आहे. तेथे तो राजाज्ञा घेणारा आहे. विदिशेच्या स्तंभावर तो तृतीयेत आहे. तेथे काही तरी त्याच्या हातून घडले आहे. एकवीसशे वर्षांनंतरही तो स्तंभ जागेवर आहे आणि ब्राह्मी अक्षरे जाणणाऱ्या कोणालाही ते 'हेलिओदोरेण' आजही वाचता येते.